फ्रीजमधले खडे

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, उरलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती, आणि स्टेजवरच्या लांब टेबलावर बर्फाच्या ताटांत काचेच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीत हिरवे खडे. काही वाटाण्याएवढे, काही बोराएवढे. ज्यांच्या पोटातून ते पडले ती माणसं पहिल्या रांगेत नवरदेवासारखी ऐटीत बसली होती.

"सुरी नाही, टाका नाही, भूल नाही!" माइक तोंडाला लावून बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, कापा. मी काय म्हणतो?"

"मोकळं व्हा!" सगळा हॉल ओरडला.

त्यावरूनच त्यांना मोकळेबाबा म्हणत.

"अर्धं आयुष्य शिकण्यात घालवतात हो हे डॉक्टर! मी एक दिवस शिकलो नाही. मला हे येतं. आतून येतं." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. पोट साफ करायच्या सभेत 'आतून येतं' असं म्हणावं का, हा प्रश्न मला पडला. पण शेजारी बसलेल्या सासूबाईंचे डोळे भरून आले होते, म्हणून मी हसू गिळलं.

सासूबाईंच्या पित्ताच्या पिशवीत खडे होते. उजव्या बरगडीखाली कळ आली की ओट्याला धरून खाली बसायच्या. माझा धाकटा दीर डॉक्टर. तोही पोटविकारांचाच, पण फेलोशिप करणारा. म्हणजे डॉक्टर होऊन, वरची पदवी घेऊन, पुन्हा शिकायला बसलेला. तोंडातून दुर्बीण कशी घालायची, पित्ताच्या नळीत कसं शिरायचं, हे त्याचे सर त्याच्या शेजारी उभे राहून शिकवत होते. घरात मात्र त्याची थट्टा व्हायची. "आमचं शेंडेफळ अजून शाळेतच आहे," असं सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगायच्या.

त्या दिवशी येताना आम्ही बाबांच्या दोन पुड्या आणल्या. एक लगेच घ्यायची, दुसरी महिन्यानं. दिवसभर उपास, मग तेल आणि लिंबाचा रस घुसळून प्यायचं, वर पांढऱ्या पुडीचं पाणी. सकाळी मूठभर हिरवे खडे पडले. सासूबाईंनी ते धुऊन डबीत भरले आणि फ्रीजमध्ये ठेवले.

"आई, फ्रीजमध्ये कशाला? तिथं छकुलीचं दूध असतं!" मी म्हटलं. छकुली माझी लहान मुलगी.

"बाबांनी बजावलंय. गार ठेवायचे, नाहीतर दोष अंगात परत शिरतो. आणि धुतलेत गं मी."

पोट दुखायचं थांबलं होतं. नातेवाइकांना फोन झाले. मीही म्हटलं, असेल बाई. पण सासूबाई ते धूत असताना खडे पाण्यावर तरंगत होते, हे मी पाहिलं होतं आणि ते मनातून जात नव्हतं.

रविवारी दीर आला. जेवायला बसता बसता थबकला.

"आई, जरा खिडकीकडे बघ. डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

"विष बाहेर पडतंय. बाबा म्हणाले होते."

"विष नाही गं. पिशवीतला खडा घसरून नळीत अडकलाय, पित्त तुंबलंय. उद्या चल. दुर्बिणीनं काढता येतो."

"आणि हे इतके पडले ते? दुखायचंही थांबलं माझं."

"उपाशी राहिलीस म्हणून थांबलं. ही कळ येते आणि जाते."

"बरं, कोण काढणार? तू?"

"सर काढतील. मी शेजारी असेन. शिकतोय मी अजून."

"तेच म्हणते मी," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "तू शिकतोयस, राजा. त्यांना येतं."

त्यानं खूप समजावलं, शेवटी चिडला. माझा नवरा मध्ये पडला, "दोन दिवस बघू." दीर न जेवता ड्यूटीवर गेला.

त्या रात्री छकुलीनं फ्रीज उघडून ती डबी हातात घेतली आणि मी धावत जाऊन ती काढून घेतली. सकाळी कुणाला न विचारता मी डबी उचलून खिडकीच्या उंच कठड्यावर ठेवली. दुपारी कपडे काढायला गेले तर डबीत एकही खडा नव्हता. तळाशी हिरवं तेल होतं. खडा उन्हात वितळतो का?

दिराला फोन केला.

"वहिनी, तो साबण आहे. तेल, लिंबू आणि ती क्षाराची पूड आतड्यात एकत्र आली की त्याच्या गोळ्या होतात. पित्तानं हिरव्या दिसतात. जो पिईल त्याच्या पोटातून पडतील. खरा खडा उन्हानं वितळत नाही. म्हणून तर फ्रीजमध्ये ठेवायला सांगतो तो."

मी सासूबाईंना सांगितलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. "ऊन कशाला दाखवलंस? आता दोष परत फिरला ना!"

नुसतं सांगून भागणार नव्हतं. दुसरी पुडी घरात होती. मी दिवसभर उपाशी राहिले आणि ती घेतली. तेलाचा तो घोट अजून आठवला की मळमळतं. सकाळी मी वाटी त्यांच्यासमोर ठेवली. तेच खडे. तसेच हिरवे, उलट चार जास्तच.

"तुला कशाला घ्यायचं होतं ते? तुला कुठे..." आणि त्या थांबल्या.

"आई, माझी पित्ताची पिशवी कुठे आहे?"

ती छकुलीच्या जन्मानंतर काढून टाकली होती. मी हॉस्पिटलात असताना तान्ह्या छकुलीला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर ह्याच बसल्या होत्या.

"पिशवीच नाही, मग हे खडे कुठून आले?"

त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मग माझा कुठे आहे?"

"आहे तिथेच आहे, आई."

"धाकट्याला फोन लाव."

मी फोन लावेपर्यंत त्यांना हुडहुडी भरली. दात इतके वाजत होते की छकुली घाबरून रडायला लागली.

हॉस्पिटलात त्यांना आत नेताना दीर स्ट्रेचरला धरून चालत होता. दाराशी सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "स्वतःच्या आईवर आपण उपचार करायचे नसतात. तू बाहेर थांब."

"तुझे सर आहेत ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आत आहेत, आई."

"मग तू बाहेर का? ये की. तेवढंच शिकशील."

तो बाकावर बसून राहिला. सरांनी खडा काढला. नळीत पू साठला होता आणि जंतू रक्तात पसरले होते. थोडं आधी आणलं असतं तर, हे वाक्य सरांनी अर्धवटच सोडलं. सासूबाई घरी आल्या नाहीत.

मोकळेबाबांच्या पुढच्या सभेला मी गेले. पर्समध्ये माझ्या खड्यांची डबी आणि छकुलीचा थर्मास. 'अनुभव सांगा' म्हटल्यावर स्टेजवर चढले.

"या ताई, या! किती पडले?"

"भरपूर. पण बाबा, माझी पिशवी तर ऑपरेशननं कधीच काढलीय. मग हे आले कुठून?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. बाबा हसले. "ताई, ते लिव्हरचे."

"बघू या." मी ग्लासात गरम पाणी ओतलं आणि खडे टाकले. ते तरंगले, मऊ झाले, पसरले. वर हिरवट तवंग आला. "हा साबण आहे. ह्यांची पुडी घेतली की कुणाच्याही पोटात तयार होतो. बरण्या गार ठेवायला का सांगतात, कळलं?"

"श्रद्धा नसली की वितळतात," बाबा म्हणाले.

"मग तुमची श्रद्धा आहे ना? त्या टेबलावरची एक बरणी द्या. तुम्ही ओता पाणी."

बाबांनी थर्मासला हात लावला नाही. मागून कुणीतरी खुदकन हसलं. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मात्र आवाज चढवला, "अहो, तुमच्या सासूबाईंना गुण आला होता ना? मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलंय. त्यांना आणा, त्या सांगतील!"

"त्या नाहीत आता," मी म्हटलं.

मग कुणी हसलं नाही. पिवळ्या डोळ्यांची एक बाई उठली, टेबलावरची आपली बरणी तिथेच राहू देऊन दाराकडे निघाली. मी तिच्यामागे गेले आणि दिराचा नंबर दिला.

एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दाखवला की तो उन्हात ठेवून बघा. जो म्हणतो मला सगळं येतं, त्याला कुणी शिकवलं ते विचारा. आणि डोळे पिवळे दिसले तर कुणाच्या श्रद्धेसाठी थांबू नका.

परवा दिरानं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं नळीतला खडा काढला. एका म्हाताऱ्या आजींचा. आधी आजींनी विचारलं होतं, "तू शिकाऊ आहेस का रे?" एरवी तो या प्रश्नाला बगल द्यायचा.

"हो आजी, शिकतोय," तो म्हणाला. "शेजारी सर उभे आहेत."

आजी म्हणाल्या, "मग हरकत नाही."

हे मला सांगता सांगता तो थांबला, आणि मग म्हणाला, "आई म्हणाली होती ना वहिनी, 'ये की, तेवढंच शिकशील'?"