अडखळणारा पहिला शब्द

घोगरीला एका जागी बसवत नसे. गाणी सुचायची तीही जिने चढताना, नाहीतर रस्ता ओलांडताना. आवाज लहानपणापासून खरखरीत, म्हणून शाळेत पडलेलं हे नाव. पुढे तिने तेच पोस्टरवर छापलं. ती ब्लूज गायची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी. मामा जहाजावर स्वयंपाकी होता, त्याने आणलेल्या जुन्या रेकॉर्डींवर तिचा कान घडला. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, एवढाच या गाण्यांचा सांगाडा. पण त्यात अख्खा माणूस मावतो, असं मामा म्हणायचा. गिटारही त्याचीच. तारांवरून घसरवायची नळी मात्र बाबांनी दिली. त्यांच्या पान्यांच्या पेटीतला, नट फिरवायचा एक पोकळ लोखंडी सॉकेट तिच्या करंगळीत बरोबर बसला होता.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बोलताना अडखळायचे. पहिला शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा, म्हणून ते कामापुरतंच बोलत.

घोगरीचं गाजलेलं गाणं असं होतं:

दार उघडं आहे, पण मी उंबऱ्यातच उभी,
दार उघडं आहे, पण मी उंबऱ्यातच उभी,
जायचं ठरवून आले, आणि पाय म्हणतात, कधी?

त्यातलं ‘दार’ ती सरळ म्हणत नसे. ‘दा... दा... दा...’ करत शब्द ताणायची, ठेका मागे पडू द्यायची आणि श्रोत्यांनी श्वास रोखला की शब्द सोडायची. लोक त्यासाठीच यायचे. एका वार्ताहराने विचारलं, “ही शैली कुणाकडून उचललीत?” ती पटकन म्हणाली, “मामाच्या रेकॉर्डींतून.” आणि विषय बदलला.

बाबा तिच्या कार्यक्रमाला कधी आले नव्हते. दर वेळी कुठली ना कुठली लिफ्ट आडवी यायची. एका रविवारी दुपारी मात्र ते आले. तिसऱ्या रांगेत, कामाचं जाकीट घालूनच बसले. तिने गाणं सुरू केलं. ‘दा... दा...’ आणि सगळं सभागृह तिच्याबरोबर ‘दा... दा...’ करू लागलं, हसू लागलं, बाकं वाजवू लागलं. दुसऱ्या ओळीला तिने पाहिलं, तर बाबांची जागा रिकामी.

तिने घरी फोन केला. आई म्हणाली, “जेवले आणि परत बाहेर पडले.”

“काही बोलले?”

“ते कधी काही बोलतात का, बाई?”

तीन दिवस तिचं कशात चित्त लागेना. गिटार काढायची, तारा जुळवायची, परत ठेवून द्यायची. चौथ्या दिवशी दुपारी बाबा ज्या इमारतीत कामाला होते तिथे ती गेली. लिफ्ट बंदच होती, आठ मजले चढून वरच्या यंत्रखोलीत पोहोचली. बाबा मोटारीपाशी उकिडवे बसले होते.

“बाबा, मी तुमची नक्कल करत नव्हते.”

ते एक नट आवळत राहिले. मग म्हणाले, “म... मग कुठून घेतलंस?”

मामाचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. “तुमच्याकडून.”

“ल... लोक हसत होते.”

“त्यांना आवडतं म्हणून हसतात, बाबा.”

“मला ह... हसण्याचा एकच प्रकार माहीत आहे.” त्यांनी हात फडक्याला पुसले. पुढचं बोलायला त्यांना बराच वेळ लागला आणि ती मध्ये बोलली नाही. “तुला ठाऊक असतं, शब्द येणार. म... मला दर वेळी वाटतं, आता येणारच नाही.”

ती खाली उतरली ती तशीच चालत राहिली. पुढच्या दोन कार्यक्रमांत तिने ‘दार’ सरळ म्हटलं. गाणं पडलं. मागून कुणीतरी ओरडलं, “दा... दा... कुठे गेलं?” तिने ते गाणं म्हणणंच सोडून दिलं.

त्या दिवसांत अस्वस्थपणे रस्ते तुडवताना तिला एक जुनी गोष्ट आठवली. ती नऊ वर्षांची होती. तिकिटाच्या खिडकीपाशी बाबांच्या तोंडून गावाचं नाव निघेना, मागची रांग कुरकुरू लागली, तेव्हा तिनेच टाचा उंचावून ते नाव मोठ्याने सांगून टाकलं होतं. रांगेत हशा पिकला. त्या दिवशी घरी येताना बाबांनी तिचा हात धरला नव्हता.

त्यावर तिने तीन कडव्यांचं नवं गाणं बांधलं. अडखळणं नाही. पहिल्या शब्दाच्या जागी नुसती शांतता, मग करंगळीतला सॉकेट तारेवरून हळूहळू वर चढत शब्द शोधतो. तिसऱ्या कडव्यात तिकिटाची खिडकी.

बाबांनी ते घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, “ख... खिडकीचं काढ.”

“अहो, गाण्याचा जीव त्यातच आहे!”

“तो म... माझा आहे.”

तिला राग आला. हे कडवं तिने आठ दिवस घासूनपुसून केलं होतं, आजवरचं सगळ्यात चांगलं होतं. ती गिटार घेऊन गॅलरीत गेली, येरझारा घातल्या, परत आली आणि म्हणाली, “बरं. काढते.”

“आणि थांबतेस तिथे घ... घाई करतेस. अजून थांब.” त्यांनी बोटाने टेबलावर ठोके दिले. तिला वाटलं होतं त्याच्या दुप्पट.

गाणं दोन कडव्यांचंच ध्वनिमुद्रित झालं. त्याच वार्ताहराने लिहिलं की ते अर्धवट वाटतं, आधीची गंमत त्यात नाही. घोगरीने ते वाचलं आणि दिवसभर धुसफुसत राहिली. खिडकीचं कडवं तिला अजून पाठ होतं.

रेकॉर्डिंग ऐकवायला ती संध्याकाळी बाबांकडे गेली. पहिली शांतता आली, तेव्हा त्यांनी मान खाली घातली. सॉकेट तारेवर चढू लागला, तेवढ्यात फोन वाजला. आईने उचलला. “एका इमारतीत लिफ्ट अडकलीय. आत बाई आहे आणि तिचं बाळ.”

बाबा उठले, जाकीट चढवलं. “उ... उरलेलं आल्यावर,” ते म्हणाले.

घोगरीने गाणं थांबवलं. तिथे बसून राहणं तिला जमणारच नव्हतं. तिने पान्यांची पेटी उचलली आणि त्यांच्यामागून जिना उतरू लागली.