ठमी वाकली की

टुक, टुक, टुक. मी ऐकलेला हा पहिला ठोका, आणि तो खोटा होता. कारखान्यात मला एका डबीला जोडलं होतं; ती हृदयाची नक्कल करायची. इतकं नीटनेटकं हृदय मला पुन्हा भेटलं नाही.

मी लहान मुलांच्या वॉर्डातला मॉनिटर बोलतोय. ठोका चुकला की मी ओरडतो. दुसरं मला काही येत नाही.

सहा वर्षांची ठमी आली, तेव्हा मी म्हातारा झालो होतो. तिच्या डोक्यात पाणी साठायचं. ते उतरावं म्हणून डॉक्टरांनी एक बारीक नळी डोक्यातून मानेच्या शिरेवाटे थेट हृदयात सोडली होती. तेव्हापासून तिला मधूनच चक्कर यायची. म्हणून माझ्या वायरी तिच्या छातीवर चिकटवल्या.

"हलायचं नाही हं," सिस्टर बजावायच्या. ठमी ओंडक्यासारखी पडून राहायची आणि माझी रेघ सुरेख यायची.

पण ती चप्पल शोधायला पलंगाखाली वाकली, की ठोके उधळायचे. मी ओरडायचो. सिस्टर धावत येऊन तिला सरळ झोपवायच्या आणि मला दोन थपडा द्यायच्या. तेवढ्यात ठोके ताळ्यावर यायचे, मी गप्प व्हायचो.

"बघा, मारल्याशिवाय ऐकतच नाही!"

चौथ्या दिवशी माझ्या कपाळावर कागद लागला : 'बिघडलेला'. ठमीला काही झालेलं नाही, उद्या घरी सोडायचं, असंही ठरलं.

दुरुस्तीवाले काका आले. वायरी स्वतःला लावून बघितल्या. ठीक. मग ठमीच्या बाबांना लावल्या. मी ओरडलो.

"बिघडलाच आहे," सिस्टर म्हणाल्या.

"नाही हो," बाबा ओशाळले, "मला खरंच धडधडतंय. हिला असंच घरी न्यायचं म्हणजे..."

पलंगावरून ठमी म्हणाली, "काका, मी वाकले की तो ओरडतो. मला गरगरतं पण."

"मग सांगायचं नाही का गं?"

"सगळे म्हणतात, हलू नकोस."

काकांनी वायरी तिला लावल्या. "वाक बरं, ठमाबाई. जरासंच."

मी जीव तोडून ओरडलो.

"हो सरळ."

मी गप्प. सिस्टरांचा माझ्यावर उगारलेला हात तसाच राहिला.

एक्स-रेत दिसलं, नळी जरा जास्तच खोल गेली होती. ठमी वाकली की नळीचं टोक हृदयाला आतून गुदगुल्या करायचं. डॉक्टरांनी ती थोडी मागे ओढून घेतली.

मी मात्र अडगळीच्या खोलीत, जमिनीवर. कागद कुणी काढलाच नाही, म्हणून मला इथे आणून टाकलं. तक्रार नाही माझी. एवढंच म्हणणं आहे, मशीन ओरडलं तर थप्पड नंतर मारा, आधी लेकराला विचारा.

घरी जायच्या दिवशी ठमी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिने वाकून बुटाची नाडी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली. मला वायरी नव्हत्या, वीज नव्हती, तरी मी कान लावून होतो. ती सरळ झाली. मग पुन्हा वाकून माझ्या कपाळावरचा कागद तिने हळूच सोलला, घडी करून खिशात घातला आणि निघून गेली.