ठरलेली चूक

शिपाईमामांनी फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटने सात काढला आणि दुसरीच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. वास डोक्यात जात होताच, पण त्याहून जास्त डोक्यात जात होता तो आकडा. गुबगुबीत, वर दोन डोळे आणि फाकलेलं हसू. प्रत्येक आकडा हसला पाहिजे, अशी मोठ्या बाईंची सूचना होती.

"अजून किती काढायचेत, मामा?"

"चोविसापर्यंत म्हणाल्यात मोठ्या बाई. आठाला डोळे कुठे काढू, तेवढं सांगा."

"काढा तुम्हाला हवे तिथे," असं म्हणून बाई वर्गात निघून गेल्या.

खेळ मुलांचा होता. त्यांना तो कुणीही शिकवला नव्हता. व्हरांड्यातल्या फरश्यांवर एकाने तीन-तीन फरश्यांची उडी मारत जायचं, दुसऱ्याने चार-चारची. निघायचं एकाच टोकापासून, आणि जो मागे असेल त्याने पुढची उडी मारायची. एकाच फरशीवर दोघे आले की एकमेकांवर आपटायचे आणि मग सगळ्यांनी मिळून आरडाओरडा करायचा. तिसऱ्याचं काम आधीच असायचं. दोघे कुठे आपटणार ते ओळखून त्या फरशीजवळ आपला बूट काढून ठेवायचा. बस, एवढंच. पाढे, गणित असले शब्द कुणाच्या तोंडीही नव्हते.

आणि चिमणीला तो बूट ठेवायचा नाद लागला होता. ही चिमणी म्हणजे गणिताचा तास आला की पोट धरून बसणारी पोरगी. सोंग नव्हतं ते, खरंच दुखायचं तिला. आई बिचारी औषधाची बाटली घेऊन शाळेत खेपा घालायची. तीच पोरगी एका मधल्या सुट्टीत फरश्यांकडे नुसती बघत उभी राहिली, ओठ हलवले आणि पाण्याच्या टाकीसमोरच्या बाराव्या फरशीजवळ बूट ठेवून मोकळी झाली. तीनवाला आणि चारवाला तिथेच येऊन आपटले. बाई खिडकीतून बघत होत्या. त्या आठवड्यात चिमणीचं पोट दुखलं नाही. वर्गात तिने पहिल्यांदा हात वर केला, अर्धाच, पण केला. हे टिकलं पाहिजे, एवढंच बाईंच्या मनात होतं.

पण तो खेळ मोठ्या बाईंनीही पाहिला.

"अहो, हे तर घबाड आहे!" त्यांचा आवाज नेहमीसारखाच पाकात बुडवून काढलेला. "खेळातून गणित! शाळा बघायला पाहुणे येताहेत ना, तेव्हा हेच दाखवू या."

मग फरश्यांवर आकडे आले. तीनवाल्याच्या डोक्याला पुठ्ठ्याचे सशाचे कान आले आणि चारवाल्याच्या पाठीला बेडकाचा हिरवा कागद. कान चिकटवलेल्या खळीला आंबूस वास येत होता. आरडाओरड्याच्या जागी तीन टाळ्या आल्या, तालात. खेळाचा पार चोथा झाला, पण मोठ्या बाईंचं समाधान काही होईना.

"चूक हवी," एका तालमीनंतर त्या म्हणाल्या. "कुणीतरी चुकणार, तुम्ही समजावणार, मग त्याला उमगणार. पाहुण्यांना तो क्षण दिसला पाहिजे."

"मुलं चुकतातच की. होईल तेव्हा होईल."

"आणि ऐन वेळी नाही झाली तर? नको बाई, ठरवूनच टाका. ती पोट धरून बसते ना, तिला घ्या. शोभेल तिला."

शोभेल! बाईंना शिसारी आली. या बाईला आत्ता काहीतरी सुनवावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंना नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्याच मोठ्या बाईंच्या शेऱ्यावर ठरायचं होतं. बाई "बरं" म्हणाल्या. नंतर नळावर जाऊन त्यांनी चूळ भरली, तरी तोंडाची कडू चव गेली नाही.

तालमीत बूट दहावर ठेवायला सांगितल्यावर चिमणी अडून बसली.

"पण बाई, दहावर नाही ना येत ते. बारावर येतात."

"माहीत आहे गं, राणी. नाटकात चुकायचं."

"नाटक आहे?"

"हो."

"मग पाहुण्यांना माहीत आहे का, हे नाटक आहे ते?"

बाईंनी तिच्या रिबिनीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "चल, ठेव बूट," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना मोठ्या बाईंसारखा गोड वाटला. शी!

पाहुणे आले त्या दिवशी चिमणी अगदी ठरल्यासारखी चुकली. दहावर बूट ठेवला, ससा-बेडूक पुढे निघून गेल्यावर गोंधळून बघितलं, बाईंनी समजावलेलं मान हलवत ऐकलं. मग शिकवल्याप्रमाणे तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अय्या! बारा!" पाहुण्यांमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला. एक जाडजूड गृहस्थ तर डोळे पुसत पुढे आले आणि त्यांनी चिमणीचा गालगुच्चा घेतला. चिमणीचे कान लालबुंद झाले. आयुष्यात कुणी तिच्यासाठी टाळी वाजवली नव्हती, आणि आज माणसं उभी राहून वाजवत होती. मोठ्या बाई दात काढून सगळ्यांना चहा घ्यायला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून ओळखीचा आरडाओरडा आला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. पुठ्ठ्याचे कान कचऱ्याच्या डब्यात होते. एक मुलगा दोन-दोनच्या उड्या मारणार होता, एक मुलगी पाच-पाचच्या. चिमणीने एक बूट हातात घेतला होता. तिने ओठ हलवले आणि बूट दहाजवळ ठेवला. शाब्बास, बाई मनात म्हणाल्या आणि बघायला दारात आल्या.

त्या दिसताच चिमणीने बूट उचलला आणि नऊजवळ ठेवला.

दोघे दहावर येऊन आपटले. चिमणीने तोंडावर हात ठेवला. पोरं आपली फिदीफिदी हसत पुढच्या डावाला लागली, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बाईंनी मात्र तिला बाजूला घेतलं.

"दहा माहीत होतं ना तुला?"

"हो."

"मग उचललास का बूट?"

"माझं चुकायचं असतं ना, बाई."

"ते नाटक होतं गं. संपलं ते. आता बरोबर येईल तेच करायचं. नेहमी."

चिमणी एका पायावर उभी राहून विचार करत होती. बूट नसलेल्या पायाचा मोजा धुळीने काळा झाला होता. बाईंचं म्हणणं तिला पटत नव्हतं, पण त्या रागावतील म्हणून तिने अगदी हळू विचारलं.

"पण बाई, मी पहिल्यांदा बारावर ठेवला होता ना, तेव्हा तुम्ही खिडकीतच होता. मग टाळ्या का नाही वाजवल्या?"