मधली साखळी

देवाने माणसाला गुडघे दिले ते वाकायला. देवापुढे वाकावं, लेकराला उचलायला वाकावं, पडलेली सुई शोधायला वाकावं. ऐकायला किती गोड! पण ज्याचा उजवा गुडघा वाकताना दगडावर दगड घासल्यासारखा करकरतो, त्याने काय करावं? कवळीवाले वर्षभर सकाळची प्रार्थना खुर्चीत बसून म्हणत होते आणि शेवटी हळूच जोडत होते, "देवा, तू समजून घे, फक्त हिला कळू देऊ नकोस." देवाने समजून घेतलं असावं. 'हिला', म्हणजे त्यांच्या बायकोला, मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं.

कवळीवाले दातांच्या कवळ्या करायचे. घराच्या तळमजल्यावर त्यांची कामाची खोली होती. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले, टेबलावर गुलाबी मेण, छोटा बर्नर, पॉलिशची घरघरणारी मोटर. तीस वर्षांत आसपासची निम्मी म्हातारी माणसं त्यांनी पुन्हा हसती केली होती. सहा दिवस दात आणि सातव्या दिवशी सायकल, असा त्यांचा नेम. त्यात खंड पडला तो दोनदाच, एकदा मुलीच्या साखरपुड्याला आणि एकदा तिच्या लग्नाला. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी सकाळी विचारून पाहिलं होतं.

सायकल साधी नव्हती. एकामागे एक दोन सीटा, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या. पुढे कवळीवाले बसत आणि मागे त्यांचा मित्र हॅलो. हॅलो जन्मापासून अंध. रुग्णालयाच्या टेलिफोनवर त्याने सगळी नोकरी काढली, म्हणून हे नाव पडलं. एकोणीस वर्षांपूर्वी दाढेचा साचा देताना, तोंडात चिकट लगदा असतानाच, तो कसाबसा म्हणाला होता, "वेगाने जाणारा वारा कसा लागतो, ते एकदा बघायचंय." पुढच्याच महिन्यात ही सायकल आली. तेव्हापासून दर रविवारी दोघं पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जात, तिथल्या बाकावर बसत, जगाला नावं ठेवत आणि सुसाट खाली येत.

या सायकलला एक जास्तीची साखळी असते. ती पुढची आणि मागची पायडलं एकमेकांना बांधते. पुढच्याचा पाय फिरला की मागच्याचाही फिरतो, वेगळं फिरायची सोयच नाही. गेल्या वर्षी ही मधली साखळी वाजू लागली. एका फेऱ्यात एकदा, खळ्. कवळीवाल्यांनी तिला तेल पाजलं. मग ताणून घेतली. मग बदलली. पुन्हा बदलली. सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, साखळीत काही दोष नाही हो." कवळीवाल्यांनी तिसरी साखळी आणली.

दरम्यान बायकोने त्यांना जवळजवळ धरूनच सर्जनबाईंसमोर नेऊन बसवलं.

"गादी पार झिजलीय, हाड हाडाला लागतंय," बाई म्हणाल्या. "गोळ्या, व्यायाम, इंजेक्शनं, सगळं करून झालं. सांधा बदलायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. घाई नाही. पण हा आपोआप बरा होणार नाही."

"सायकल?"

"तीन-चार महिने रस्त्यावर नाही. नंतर सपाटीवर बहुतेक चालवाल. टेकडीचा शब्द मी देत नाही. आणि काही थोड्यांचं दुखणं पूर्ण जात नाही, तेही आधीच सांगते." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या वडिलांची कवळी तुम्हीच केलीत ना? तुमच्या शंभरातल्या किती नीट बसत नाहीत?"

"दोन-तीन," कवळीवाले खरं बोलले. "का बसत नाहीत, ते मलाही कळत नाही."

"आणि तरी लोकांना करून घ्या म्हणता."

बाई हसल्या. कवळीवाल्यांना हसू आलं नाही, कारण ते दोन-तीन चेहरे त्यांना पाठ होते.

ऑपरेशनच्या संमतीचा कागद त्यांनी घरी आणला आणि कामाच्या खोलीतल्या खणात, जुन्या जबड्यांच्या खाली सारला. बायकोने तो दुसऱ्या दिवशी वर काढून ठेवला. त्यांनी पुन्हा खाली घातला.

"जन्मभर लोकांच्या तोंडात नकली दात बसवलेत," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या गुडघ्याची वेळ आली की तोंड पाडून बसता!"

"कवळी काढून ठेवता येते गं."

"मग आत्ता कुठे तो गुडघा वापरताय? काढून ठेवल्यासारखाच तर आहे!"

यावर कवळीवाल्यांनी पॉलिशची मोटर सुरू केली. खरी गोष्ट त्यांना बोलता येत नव्हती. चार महिने हॅलो कुणाच्या मागे बसणार? त्याच्या बहिणीच्या घरातली ती खिडकीजवळची खुर्ची, मांडीवर रेडिओ, आणि रविवार. चार महिन्यांचे कायमचेच झाले तर? आपण दुखणं सोसतोय ते मित्रासाठी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि त्या विचाराने त्यांना थोडं बरंही वाटायचं.

पुढच्या रविवारी टेकडीच्या दुसऱ्या वळणावर मागून आवाज आला, "थांब."

कवळीवाल्यांनी ब्रेक दाबला. "काय रे? साखळी पडली?"

"साखळी ठणठणीत आहे. किती वेळा बदलशील बिचारीला? तिचा काय गुन्हा?" हॅलो उतरला आणि चाचपडत कठड्याला टेकला. "तू उजवा पाय खाली ढकलतच नाहीस. तो नुसता माझ्या जोरावर फिरतो. तेवढ्यात साखळी सैल पडते, मग डावा आला की पुन्हा ताणते. खळ्, खळ्. वर्ष झालं ऐकतोय."

कवळीवाले सायकल धरून तसेच उभे राहिले. तीन साखळ्या! आणि सगळा दोष स्वतःच्या पायात.

"वर्ष झालं? मग बोलला का नाहीस?"

हॅलोने कठड्यावरून हात फिरवला.

"बोललो असतो तर तू दवाखान्यात गेला असतास आणि मी खुर्चीत," तो म्हणाला. "आधी वाटलं, आपण थोडं जास्त ढकलू, त्याला कळणारही नाही. मग तू चढाला श्वास रोखायला लागलास. तोही ऐकला, तरी गप्प बसलो. हात जोडताना देवाची लाज वाटायची रे. तुझं दुखणं मला ऐकू येत होतं आणि मी त्यावर बसून हवा खात होतो."

"आणि मी इकडे तुझ्यासाठी ऑपरेशन टाळतोय म्हणून स्वतःला संत समजत होतो!"

"संत? तू घाबरट आहेस."

"आहेच," कवळीवाले म्हणाले, आणि ते म्हणताच वर्षभराचं काहीतरी छातीवरून उतरलं. दोघं हसले. मग कवळीवाले हळू आवाजात म्हणाले, "हॅलो, ते शंभरातले दोन-तीन असतात ना... मी त्यांच्यातला निघालो तर?"

"तर बसने वर येऊ आणि बाकावर बसू. बाक कुठे पळून जात नाही. पण पुढच्या रविवारपासून मी या सायकलवर बसणार नाही. तुला काय करायचं ते कर."

"धमकी देतोस?"

"हो."

त्या दिवशी ती दोघांची सायकल पहिल्यांदाच हाताने ढकलत खाली आली. कवळीवाल्यांनी घरात येऊन खण उघडला, जबडे बाजूला केले, कागदावर सही केली आणि वळणावरचं सगळं सांगत तो बायकोसमोर ठेवला. तिने वाचला, घडी घातली आणि फक्त म्हणाली, "हॅलोभावजी आधीच बोलले असते तर तीन साखळ्या वाचल्या असत्या."

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. नंतरचे दिवस मात्र कठीण गेले. बर्फाच्या पिशव्या, कुबड्या, आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाई, ज्या कमालीच्या गोड आवाजात "अजून थोडं" म्हणत. कवळीवाल्यांना आपलीच गिऱ्हाइकं आठवायची. तीही पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येत, आणि कवळीवाले त्यांना सांगत, "जरा धीर धरा, तोंडाला सवय होऊ द्या." आता कळत होतं, ते वाक्य ऐकायला किती चीड आणतं.

सातव्या आठवड्यात गाडं अडलं. दवाखान्यातल्या जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर पायडल वरच्या टोकाशी आलं की गुडघा आखडायचा. भीतीने पाय दगड व्हायचा. एकही फेरा पुरा होईना. कवळीवाले घरी येऊन प्लास्टर कालवत बसायचे. ते दोन-तीन चेहरे आता फळीवरच्या जबड्यांतूनही दिसू लागले होते.

एका सकाळी बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तुमचे दोघांचे पाय एकोणीस वर्षं एकमेकांना बांधलेले आहेत. त्याचा कधी उपयोग करणार?"

तिने व्यायामाच्या बाईंना विचारूनही ठेवलं होतं. जोर लावायचा नाही, दुखलं की थांबायचं, सीट दोन बोटं वर करायची, या तीन अटींवर परवानगी मिळाली. कामाच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं. सायकलचं मागचं चाक लोखंडी घोडीवर चढवलं. स्टुलावर पाय ठेवून, बायकोच्या खांद्याला धरून, कवळीवाले पुढे बसले. मागे हॅलो.

"तू काही करू नकोस," हॅलो म्हणाला. "वर्षभर करत नव्हतास, तसंच."

आणि तो हळूहळू पायडल फिरवू लागला. अर्धं पुढे, अर्धं मागे. पुढच्याचा श्वास अडखळला की तो तिथेच थांबायचा, सुटला की केसभर पुढे सरकायचा. ज्या कानांनी वर्षभर ऐकून गप्प बसला होता, त्याच कानांनी आता तो मित्राचा गुडघा उलगडत होता. तोंडाने एक जुनं प्रार्थनागीत गुणगुणत होता. पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी, गाण्याचं कडवं संपायच्या आत, पायडल वरच्या टोकावरून सावकाश पलीकडे उतरलं.

"गेलं का?" बायकोने विचारलं.

"गेलं!" कवळीवाले म्हणाले, आणि रडू लागले. त्यांना वाटलं, आपण हसतोय.

मग फेरे होऊ लागले. सगळी ताकद हॅलोची, आणि पुढचे पाय नुसते पाहुणे. खळ्, खळ्, साखळी वाजत राहिली. दहाव्या दिवशी कवळीवाल्यांनी कुणाला न सांगता, देवाचं नाव घेऊन, उजवा पाय थोडा खाली दाबला. दुखलं, पण दगडावर दगड घासला नाही. पुढच्या फेऱ्याला अजून थोडं दाबलं.

खळ् आला नाही.

मागचं गुणगुणणं थांबलं. बायकोने हातातली बर्फाची पिशवी तशीच धरली. फळ्यांवरचे जबडेही जणू तोंड मिटून ऐकत होते.

मागून, रुग्णालयाच्या टेलिफोनवरच्या त्या जुन्या, स्वच्छ आवाजात, प्रश्न आला, "हॅलो?"

"बोला," कवळीवाले म्हणाले, आणि पाय मारत राहिले.