पाटाच्या वरच्या अंगाचं घर

बिश्केकच्या कडेला वसलेल्या त्या वस्तीत स्वच्छतेचा टेंभा मिरवावा तो जूराकाननेच. अंगण झाडून झालं की ती पाटाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गुलबाराला हटकायची, "अगं, पोराचं नाक तरी पूस! माशांना आवतण दिलंयस का?"

जुलैत तिच्या नातवाला, एमिरला, हगवण लागली. संडास परसाच्या पार टोकाला आणि जूराकानचे गुडघे धरलेले. ती पोराचं भांडं दारापुढच्या पाटात रिकामं करी, तिथंच खळबळून घेई. वाहतं पाणी, घाण बघता बघता दिसेनाशी होई.

"आपा, खालची माणसं हे पाणी वापरतात," सून आयचुरोक चाचरत म्हणाली.

"मला शिकवू नकोस. तुझा नवरा असाच वाढवलाय मी."

एमिर चार दिवसांत खेळायला लागला. पुढच्या आठवड्यात गुलबाराच्या दोन वर्षांच्या बेकझातला इस्पितळात न्यावं लागलं. नळ कोरडा होता म्हणून तिनं जर्दाळू पाटात धुतले होते.

दवाखान्यातली नर्स घरोघर विचारत आली. "पोरांची घाण पाटात टाकता का?"

"छे! आमच्याकडे असलं चालत नाही," जूराकान म्हणाली.

आयचुरोक चहा ओतत होती. तिनं मान वर केली नाही. नर्स गेल्यावर जूराकान खेकसली, "बोल की काहीतरी!"

"काय बोलू, आपा?"

नऊ दिवसांनी बेकझात घरी आला. पायांच्या नुसत्या काड्या झालेल्या. जूराकान गरम नान फडक्यात बांधून गेली आणि फाटकातच म्हणाली, "गुलबारा, ती घाण माझ्या घरची होती. नर्सला मी खोटं सांगितलं."

गुलबारा म्हणाली, "मीही कधीमधी टाकतेच, आपा. आपल्याखाली आणखी घरं आहेत. पण मी कुणाला नावं ठेवत नव्हते."

तिनं नान घेतली. चहाला आत ये म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी जूराकान दवाखान्यात गेली. बाकांवर वस्तीतल्या बाया पोरं घेऊन बसलेल्या. तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. नर्सनं वही उघडली.

"नाव? जरा मोठ्यानं सांगा, ऐकू येत नाही."

बाकांवरची कुजबुज थांबली. जूराकाननं झग्याच्या खिशांत हात दडवले आणि आपलं नाव सांगितलं.