कुंकवाचा धनी

"तेवढं कुंकू पुसून घेऊ या, आजी," म्हणत त्या पोरीनं ओला कापूस कपाळाजवळ आणला आणि मनकर्णाबाईंनी तिचं मनगट असं धरलं की कापूस तिच्या हातातून खाली पडला.

"काऊन?"

पोरगी बिचारी चेहऱ्याला रंग लावणारी. तिला काय ठाऊक? तिनं शंतनूकडे पाहिलं. शंतनू म्हणजे मुंबईहून आलेला मुख्य माणूस, चॅनलसाठी लढायांच्या फिल्मा करणारा. बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून त्यानं दिवे, तारा आणि छत्र्या यांचा असा पसारा मांडला होता की घरच्यांना पाणी प्यायलासुद्धा वाकडं होऊन जावं लागत होतं.

"आजी, तुम्ही वीरपत्नी आहात ना," तो गोड आवाजात म्हणाला. "एवढं ठसठशीत कुंकू दिसलं की बघणाऱ्यांचा गोंधळ होतो."

"माझा नवरा जित्ता हाय. हे काय, म्होरं बसलेत."

शंतनूनं खाटेकडे पाहिलं. खाटेवर सर्जेराव बसले होते, धुतलेला सदरा घालून. सकाळपासून त्यानं त्यांना दोनदा 'काका, जरा सरकता का' म्हटलं होतं. हे आजींचे भाऊबिऊ असतील, असं त्याच्या मनानं घेतलं असावं. मनकर्णाबाईंची नात श्रेया, जिनं हे सगळं जुळवून आणलं होतं, ती दारात उभी राहून ओढणीचं टोक चावत होती. तिनं चॅनलला आजीच्या पहिल्या नवऱ्याचं सगळं कळवलं होतं. दुसऱ्याचं काही कळवलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही, असं ती नंतर म्हणाली.

पहिला नवरा सांडू. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीपलीकडचा एक पूल उडवायला निवडक जवान रातोरात गेले, त्यात तो गेला. परत आला नाही. त्याच्यासोबत मनकर्णेचा संसार किती, तर दोन सुट्ट्यांचा. त्याचा चेहरासुद्धा तिला आता फोटोतलाच आठवायचा. फोटोबाहेरचा कधीच पुसट झाला होता. तीन वर्षांनी करमाडच्या तिच्या बापानं सर्जेरावांशी तिचा पाट लावला. विधवेच्या पाटाला कुठली आलीय वाजंत्री? सवाष्णींनी तोंड बघू नये म्हणून दार लोटून, चिमणीच्या उजेडात कार्य उरकलं. सर्जेरावांनी तिच्या मोकळ्या कपाळाला कुंकू लावलं. तेव्हापासून ते कपाळ एक दिवस मोकळं राहिलं नव्हतं. बाळंतपणात नाही, की टायफॉइडमध्ये शुद्ध नव्हती तेव्हाही नाही. तेव्हा सर्जेरावच बोटानं टेकवून जायचे.

माणूस असा, की सर्वपित्रीला सांडूच्या नावाचं पान स्वतः वाढायचा. वाळूजच्या कारखान्यात लेथवर जन्म घासला, निवृत्त झाला आणि टीव्हीपुढे बसला. बघायचं काय, तर कमांडोंच्या धाडी. कुणी बर्फातून जातंय, कुणी पाण्याखालून, कुणी विमानातून उडी टाकतंय. इंग्रजी असो की हिंदी, ते डोळे बारीक करून बघत बसत.

"अशीच काळोखी रात असंल गं," ते म्हणत. "असाच पाण्यातून गेला असंल सांडूभाऊ."

मनकर्णाबाईंना त्याची शिसारी होती. स्वयंपाकघरातून त्या ओरडत, "बंद करा ते. माणसं मरतेत आन म्हागून ढोल वाजवतेत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात मेली." सर्जेराव आवाज बारीक करत, पण बंद करत नसत. कधी न पाहिलेल्या त्या माणसाला ते तिथं शोधत होते, हे मनकर्णाबाईंना कळायचं. म्हणून त्या ओरडायच्या, पण रिमोट त्यांनी कधी हिसकावून घेतला नाही.

"पूस की," आता तेच सर्जेराव खाटेवरून म्हणाले. "अर्ध्या घंट्याचा तर सवाल हाय. सांडूभाऊचं नाव निघतंय. म्या तवर मंदिराच्या वट्ट्यावर जाऊन बसतो." ते उठलेसुद्धा. पायात चपला घालू लागले.

"कुटं निगालात? बसा तितंच."

"अगं, त्यांचं काम अडलंय."

"अडू द्या. तुमी जित्ते असून म्या कपाळ पुसायचं आन तुमी वट्ट्यावर बसून वाट बगायची, कव्हा मी परत सवाष्ण व्हते म्हणून? लाज वाटंना का सांगायला?" मग त्या शंतनूकडे वळल्या. "बाबा, कुंकवासकट घ्यायचं तर घे. न्हाईतर तुझ्या तारा गुंडाळ."

शंतनूनं एकदा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. मग हसला. "राहू द्या आजी. तुमची इच्छा महत्त्वाची." इतक्या लवकर तो ऐकेल असं कुणाला वाटलं नव्हतं. श्रेयाचा जीव भांड्यात पडला. मनकर्णाबाईंनाही वाटलं, पोरगं घरंदाज आहे, उगीच मी तोडून बोलले.

सांडूचा फोटो मांडीवर देऊन त्यांना खुर्चीत बसवलं. प्रश्न सुरू झाले.

"त्या रात्री तुम्हाला काही जाणवलं का आजी? अशुभ वगैरे?"

"म्या रानात ज्वारी राखत व्हते. रातीची झोपले. तार लई दिवसांनी आली."

"निघताना ते शेवटचं काय म्हणाले होते? देशाबद्दल काही?"

"बूट चावतेत म्हनले. टाचंला फोड आला व्हता. म्या त्याल लावून दिलं."

शंतनूनं डोळे मिटून घेतले. मग पुढे वाकून त्यानं अगदी हळू विचारलं, "अजून वाट बघता का?"

"कुणाची? गेलेल्याची कोण वाट बगतंय? वाट बगितली म्या ह्यांची," त्यांनी मानेनं खाटेकडे खूण केली. "दुसऱ्या पाळीला असले की रोज वाट बगायचे. भाकरी झाकून."

सर्जेराव खाटेवर लाजल्यासारखे हसले.

"वा," शंतनू म्हणाला. "आवाजात जरा खरखर आली. तेवढंच पुन्हा म्हणाल? 'वाट बगते, रोज वाट बगते.' म्हणजे आत्ता बघताय असं. आणि नजर खिडकीकडे."

त्यांना त्यात वावगं काय दिसणार? नवऱ्याबद्दलच तर बोलत होत्या. त्यांनी खिडकीकडे बघून दोनदा म्हटलं.

डिसेंबरात ते टीव्हीवर लागलं. श्रेयानं गल्लीभर सांगितलेलं. संध्याकाळी बाया, माणसं, पोरं सगळी दाटीवाटीनं जमिनीवर बसली. खाटेवर सर्जेराव एकटे, मानाच्या जागी. मनकर्णाबाई बायांमध्ये, भिंतीला टेकून.

नदी दिसली. अंगाला तेल फासल्यासारखे चकचकीत जवान पाण्यातून वर आले. सांडू झालेला नट दंडानं एवढा जाड, की खरा सांडू त्याच्या एका मांडीत मावला असता. मिशा पिळदार. सांडूला मिशीच नव्हती. पूल उडाला. तो चारचारदा, चार बाजूंनी, सावकाश उडवून दाखवला. सांडू छातीवर गोळ्या झेलत एक लांबलचक वाक्य बोलला आणि हसत मेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाचेला फोड आलेलं, थंडीनं काकडलेलं ते विशी-बाविशीचं पोर मनकर्णाबाईंना अचानक, कित्येक वर्षांनी, फोटोबाहेरचं दिसलं.

मग निवेदकाचा जाड आवाज आला. "आणि मागे उरली ती. एकटी."

पडद्यावर मनकर्णाबाई होत्या. लुगडं हिरवं नेसलेलं, ते राखेसारखं झालेलं. मांडीवर सांडूचा फोटो. आणि कपाळ स्वच्छ मोकळं. कुंकवाचा टिपूससुद्धा नाही. सुरकुत्यांसकट अगदी खरं दिसणारं रांडव कपाळ. ते खिडकीकडे बघत म्हणालं, "वाट बगते. रोज वाट बगते." सनई वाजली.

एक बाई चुकचुकली. मनकर्णाबाईंचा हात आपोआप कपाळाकडे गेला. बोटाला कुंकू लागलं तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला.

"सांडूभाऊला चांगलं दावलं," सर्जेराव म्हणाले. थोड्या वेळानं, कुणाला तरी वेळ विचारावी तसं, त्यांनी विचारलं, "मला मारलं व्हय गं त्यांनी?"

श्रेया रडत रडत शंतनूला फोन लावत होती. लागला. मनकर्णाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला.

"आजी, बघितलंत?" शंतनू खुशीत होता. "सगळे रडतायत. किती मेसेज येतायत."

"माझं कुंकू कुटं गेलं?"

"अहो, ते कॉम्प्युटरवर करतात, आजी. तुम्हाला हात तरी लावला का आम्ही? आणि तुमचा मानच वाढलाय त्यानं."

"तुझी आई हाय का रं?"

"हो. का?"

"बाप?"

"आहेत ना, आजी."

"मग तिचं पूस आन लाव टीव्हीवर. बापाला दाव म्होरं बसवून. वाढतोय का मान बग."

तिकडून तो काहीतरी बोलत राहिला, गैरसमज वगैरे. मनकर्णाबाईंनी फोन श्रेयाच्या हातात दिला आणि तोंडात आलेलं कडू पाणी मोरीत थुंकून आल्या. अशी किळस त्यांना मेलेल्या घुशीची वाटली नव्हती. उठून जावं की बसून राहावं, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. गल्लीतली माणसं खाली मान घालून बसली होती. सर्जेरावांकडे बघायची कुणाची हिंमत होत नव्हती. ते गुडघ्यावर हात ठेवून, परक्याच्या घरी बसल्यासारखे खाटेच्या कडेवर टेकले होते.

मनकर्णाबाई बायांच्या घोळक्याशी आल्या. तिथं त्यांची जागा अजून रिकामी होती. त्या थांबल्या नाहीत. बसलेल्यांच्या मधून वाट काढत त्या खाटेपाशी गेल्या. पाट लागल्यापासून चारचौघांत त्या नवऱ्याच्या शेजारी कधी बसल्या नव्हत्या. तशी रीतच नव्हती.

"सरका," त्या म्हणाल्या.

सर्जेरावांनी आधी वर बघितलं, मग जमलेल्या माणसांकडे. मग ते भिंतीकडे सरकले. मनकर्णाबाई त्यांना लागून बसल्या, खांद्याला खांदा, पाय खाली सोडून. टीव्हीवर तो पूल पुन्हा उडत होता, पण आता सगळी खोली खाटेकडे बघत होती. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कपाळ उघडं करून त्या सगळ्यांकडे बघत बसून राहिल्या.