पाचवा बदाम

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसे. मधल्या टेबलावर पोकरचा डाव रंगलेला आणि बाजूच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले पानस्वामी.

"आला! बदाम आला!" टायरवाले शेठ किंचाळले आणि लोक स्वामींच्या पायांवर कोसळले.

डाव साधा होता. हातात दोन पानं, टेबलावर एकामागून एक पाच उघडायची. एकाच रंगाची, समजा बदामाची, पाच जमली की बहुधा बाजी आपली. चार बदाम जमलेत आणि एकच पान उघडायचं उरलंय, अशा वेळी जीव टांगणीला लागतो. नेमका तेव्हा स्वामींचा हात डोक्यावर पडे. "लाव सगळं! येतोय बदाम. मला त्याची पावलं ऐकू येतात."

पत्त्याला पाय कधी फुटले, हे कुणी विचारत नसे.

बदाम आला, तर स्वामींची कृपा. नाही आला, तर हरलेल्याला खुर्चीवर उभं करत. "बोल, घरातल्या कुणाची सावली पानावर पडते?" माणूस घाबरून एखादं नाव घेई. कुणी म्हाताऱ्या आईचं, कुणी लंगड्या भावाचं. बाकीचे टाळ्या पिटत.

दातांचा डॉक्टर लागोपाठ हरत गेला. खुर्चीवर त्याच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा स्वामींनीच मदत केली.

"बायकोचं मूल पोटातच गेलं ना रे? जिच्या कुशीत जीव टिकत नाही, तिच्या घरात पान कसं टिकेल?"

हॉल हसला. डॉक्टरही हसला. संध्याकाळी त्याने बायकोची बॅग दाराबाहेर ठेवली. "थोडे दिवस माहेरी राहा. तुझी सावली माझ्या पानावर पडते, म्हणतात स्वामी. माझे दिवस पालटले की आणतो तुला." तिला तेव्हा भिंतीला धरल्याशिवाय चालताही येत नव्हतं.

ती शाळेत गणित शिकवायची. अंगात ताकद आल्यावर एका रविवारी ती जिना चढून थेट त्या हॉलमध्ये आली.

"स्वामी, इथल्या सगळ्यांवर एकदम कृपा कराल?"

"माई, कृपा काय मोजून देतात?"

"मग द्या की."

लोकांनी जयजयकार केला. स्वामींना मागे फिरता येईना. प्रत्येक टेबलावर पत्त्यांचा एकेक कॅट होता. हातातली दोन आणि टेबलावर उघडलेली चार समजून प्रत्येकातून तिने चार बदाम आणि दोन इतर पानं काढायला लावली. "उरली शेहेचाळीस. पिसा, एक पान ओढा, परत ठेवा, पुढच्याला द्या."

हॉलमध्ये तीस माणसं. स्वामींनी सगळ्यांना आशीर्वाद दिला. बदाम सहा जणांना आला.

"हे सहा शुद्ध, बाकीचे पापी. कबूल?" तिने विचारलं.

त्या सहांत जुन्या टायरना काळा रंग फासून नवे म्हणून विकणारे शेठही होते. हशा उसळला.

"पुन्हा ओढा."

या वेळी पाच. शेठना इस्पिक. "शेठ, एवढ्यात कुठलं पाप केलंत?"

मग तिने स्वामींना बाहेर गॅलरीत उभं केलं, दार लावलं आणि तिसऱ्यांदा ओढायला सांगितलं. बदाम सात जणांना आला.

कुणी हसलं नाही.

"शेहेचाळीस पानांत नऊ बदाम. पाच वेळा मागाल, तर साधारण एकदा मिळेल; स्वामी असोत नसोत. हे प्रत्येकालाच 'येतोय' सांगतात. एक पाया पडतो, चार घरी जाऊन कुणाला तरी छळतात."

शेठनी धावत जाऊन दार उघडलं. "फसवलंत आम्हाला!"

स्वामी शांतपणे म्हणाले, "पुढचं पान कुणाच्या बापाला दिसतं? हरल्यावर राग कुणावर काढायचा, तेच विचारायला येत होतात तुम्ही. बहुतेक नावं तुमच्याच तोंडची आहेत."

त्यांना तुडवत जिन्यावरून खाली नेलं. मारण्यात सर्वांत पुढे होते ते आईचं नाव घेतलेले.

डॉक्टर बायकोजवळ आला. "चल घरी. तुझा दोष नव्हता, कळलं मला."

"पत्ते मोजल्यावर कळलं?"

त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"आणि बदाम आला असता, तर तुम्ही मला घरात ठेवलं असतं. अशा घरात मला राहायचं नाही."

ती निघून गेली. डॉक्टर आता एकटा राहतो. हरला तर खापर फोडायला घरात कुणी उरलेलं नाही.

पुढचं पान कुणालाच दिसत नाही. किती पानं उरली आणि त्यांत आपल्या कामाची किती, एवढं मात्र शाळकरी पोरालाही मोजता येतं. तेवढं मोजा. मोजूनही हरलात, तर हरलो म्हणा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवू नका.